‘नकार’ या रकान्यात काय दडलेलं असतं?

मुस्लिम समाजाच्या आरोग्याविषयी एखादी आकडेवारी प्रसिद्ध झाली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक म्हणतो, ‘हे लोक सुधारणारच नाहीत.’ दुसरा म्हणतो, ‘आपल्याला बदनाम करण्याचं हे कारस्थान आहे.’ आकडा नीट वाचायची तसदी दोघांपैकी कुणीच घेत नाही, आणि त्या आकड्यामागच्या माणसाला जाऊन विचारणं तर फार दूरची गोष्ट. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसभर आकडेच हाताळतो. रोग कुठे आहे आणि किती आहे हे आकडा चांगलं सांगतो. तो का आहे, हे समजायला बहुतेक वेळा माणसांशी बोलावं लागतं. अभ्यासक पहिलीला संख्यात्मक पद्धत म्हणतात आणि दुसरीला गुणात्मक. या दोन्ही एकत्र वापरल्या तर काय होतं, याचं एक मोठं उदाहरण आपल्याच देशात, आपल्याच समाजाच्या बाबतीत घडलं आहे. ते म्हणजे उत्तर प्रदेशातला पोलिओ.

२००२ साली भारतात पोलिओचे १६०० रुग्ण सापडले. त्यातले १२४२ एकट्या उत्तर प्रदेशात होते. राज्याच्या लोकसंख्येत मुसलमान सुमारे १८ टक्के, पण पोलिओ झालेल्या मुलांमध्ये निम्म्याहून अधिक मुस्लिम. आकडा खरा होता. त्यावरून काढलेला निष्कर्षही तयारच होता: मुसलमान लस घेत नाहीत, त्यांच्यामुळे देशातून पोलिओ जात नाही.

पल्स पोलिओच्या फेरीत घरांवर खडूने खुणा केल्या जात, हे अनेकांना आठवत असेल. सगळ्या मुलांना डोस मिळाला की ‘पी’, एखादं मूल राहिलं की ‘एक्स’. मूल का राहिलं याचीही नोंद होई. मूल आजारी, मूल बाहेरगावी, घर बंद, किंवा नकार. डेटाबेस बनवणाऱ्याच्या नजरेतून पाहिलं तर ‘नकार’ हा एक रकाना आहे. पण कार्यकर्ते जेव्हा त्या घरांत जाऊन बसले, तेव्हा त्या एका शब्दात कितीतरी वेगवेगळी वाक्यं निघाली.

कुणाला वाटत होतं की या थेंबांनी मुलं पुढे निपुत्रिक होतील. ही अफवाच होती, पण ती रुजायला जमीन होती. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीची आठवण पश्चिम उत्तर प्रदेशात ताजी होती. मुझफ्फरनगरमध्ये १९७६ साली नसबंदीविरोधी निदर्शनांवर गोळीबार झाला होता. कुणी विचारत होतं, ‘आमच्या मोहल्ल्यात गटार नाही, डॉक्टर नाही, तापावर औषध मिळत नाही. मग हे दोन थेंब पाजायलाच सरकार पुन्हा पुन्हा दारात का येतं?’ या प्रश्नाला अडाणीपणा कसं म्हणणार? कुठे घरातला पुरुष कामावर गेलेला आणि लस पाजायला आलेला पुरुष अनोळखी, म्हणून दार उघडलं गेलं नव्हतं.

प्रत्येक वाक्याचं उत्तर वेगळं होतं. म्हणून युनिसेफच्या पुढाकाराने वस्तीतल्याच स्त्रियांना कार्यकर्त्या म्हणून तयार केलं गेलं. अलिगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया इस्लामिया आणि जामिया हमदर्द यांना सोबत घेतलं. उलेमांशी चर्चा झाली आणि मशिदींतून लसीकरणाची घोषणा होऊ लागली. नुसता ‘नकार’ मोजत बसलं असतं तर यातलं काहीच सुचलं नसतं.

पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धीच सांगितल्यासारखी होईल. कारण अनेक आया सांगत होत्या, ‘आम्ही दर वेळी डोस दिला, तरी मूल पांगळं झालं.’ अशा तक्रारीला अपवाद म्हणून बाजूला सारणं सोपं असतं. तिची शहानिशा मोजणीनेच होऊ शकते, आणि ती झाली. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या निकोलस ग्रासली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००६ साली ‘सायन्स’मध्ये आला. त्यांनी काढलेलं गणित असं: टाइप १ विषाणूविरुद्ध लसीच्या एका डोसाचा परिणाम उत्तर प्रदेशात फक्त सुमारे ९ टक्के, तर उर्वरित भारतात सुमारे २१ टक्के. दाटीची वस्ती, अस्वच्छता आणि सततचे जुलाब यांमुळे पोटात गेलेली लस नीट लागतच नव्हती.

याचा अर्थ साध्या गुणाकाराने कळतो. डोसाचा परिणाम ९ टक्के असेल, तर दहा डोस घेतल्यावरही शंभरातली सुमारे ३९ मुलं असुरक्षितच राहतात. २१ टक्के असेल, तर नऊ-दहा. म्हणजे त्या आया खरं बोलत होत्या. दोष आईच्या माथी मारला जात होता, आणि मोठा वाटा होता तिच्या दारातल्या उघड्या गटाराचा. २००५पासून वापरात आलेली एकाच प्रकारच्या विषाणूविरुद्धची लस सुमारे तिप्पट परिणामकारक ठरली. २००९मध्ये उत्तर प्रदेश आणि बिहारमधले १०७ तालुके निवडून लसीबरोबर स्वच्छता, शुद्ध पाणी आणि जुलाबावरचे उपचार यांवरही भर दिला गेला. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

बोलण्यातून नकाराची कारणं कळली, आणि मोजणीतून हे कळलं की सगळा दोष नकाराचा नव्हताच. यातली एकच पद्धत वापरली असती तर समाजावरचा आरोप तसाच राहिला असता आणि पोलिओही.

हे जुनं झालं असं मानू नका. २०२२च्या शेवटी मुंबईत गोवरची साथ आली तेव्हा गोवंडीचा परिसर सर्वाधिक होरपळला. लस न घेतलेल्या मुलांचे आकडे रोज बातम्यांत होते. त्या मुलांच्या आईची मजुरी लसीकरणाच्या दिवशी बुडत होती का? गावाहून आल्यावर मुलाचं नाव यादीत चढलंच नव्हतं का? मागच्या लसीने ताप आला म्हणून ती घाबरली होती का? हे प्रश्न त्या आकड्यांइतक्याच ठळकपणे विचारले जायला हवे होते.

आपल्या संस्था वस्त्यांत आरोग्य शिबिरं घेतात, सर्वेक्षणं करतात. त्यांना माझी एक विनंती आहे. फॉर्ममध्ये हो-नाहीच्या चौकोनांखाली दोन ओळी रिकाम्या ठेवा आणि तिथे उत्तर देणाऱ्याचे शब्द, तो ज्या भाषेत बोलला त्या भाषेत, जसेच्या तसे लिहा. प्रश्न विचारायला त्या वस्तीतल्या मुली-स्त्रिया पाठवा. एखादी तक्रार पाच घरांत ऐकू आली की ती पाचशे घरांत मोजा, म्हणजे महापालिकेला ती ‘ऐकीव’ म्हणून झटकता येणार नाही. आणि आशाताई दारात आली तर तिला दोन मिनिटं बसवा, बोला. तिच्या वहीत आपलं म्हणणं उतरलं नाही, तर आपल्याविषयी दुसरं कुणीतरी बोलेल.