उजव्या हाताचे ऊन

आपल्या देशात वाहनचालक उजवीकडे बसतो. या साध्या गोष्टीचा एक परिणाम आपण सहसा लक्षात घेत नाही. सकाळी उत्तरेकडे किंवा दुपारनंतर दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीत ऊन चालकाच्या बाजूच्या खिडकीतून आत येते. सकाळी हैदराबादहून नागपूरकडे निघालेले किंवा दुपारी दिल्लीहून आग्र्याकडे जाणारे माझे मराठी वाचक हे अनुभवाने जाणतात. समोरून येणाऱ्या उन्हाला सनव्हायझर आडवा येतो. तो बाजूला वळवला तर निम्मी खिडकी उघडीच राहते, आणि सूर्य जसजसा खाली उतरतो तसतसा तो त्या उघड्या भागातूनच डोळ्यांत शिरतो. उजवा दंड भाजतो आणि उजव्या बाजूच्या आरशात काय दिसते आहे ते कळेनासे होते.

यावर उपाय काय, असे विचारले की उत्तर मिळते, "काचेला काही लावू नका, पोलीस पकडतील." हे उत्तर अर्धवट आहे. ते अर्धवट का राहिले, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. येथील मते अर्थातच माझी वैयक्तिक आहेत.

प्रथम कायद्याचा इतिहास पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० असे सांगतो की पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. बाजूच्या काचेने निम्मा प्रकाश अडवला तरी चालेल, असे नियमकर्त्यांनीच लिहून ठेवले आहे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका खटल्यात या नियमाचा अर्थ लावला. काच कारखान्यातूनच त्या प्रमाणात रंगीत आली असेल तर हरकत नाही. परंतु तिच्यावर नंतर कोणत्याही टक्केवारीची काळी फिल्म अथवा अन्य पदार्थ चिकटवता येणार नाही. ४ मे २०१२ पासून अंमलबजावणी सुरू झाली आणि देशभर रस्त्यांच्या कडेला फिल्म खरवडण्याचा कार्यक्रम पार पडला.

या निकालामागची चिंता खोटी नव्हती, हे निःसंदिग्धपणे नमूद केले पाहिजे. काळ्या काचांआड गुन्हे घडतात. निकालानंतर आठ महिन्यांच्या आतच, १६ डिसेंबर २०१२ रोजी, दिल्लीत ज्या बसमध्ये ते अमानुष कृत्य घडले तिच्या काचा काळ्या होत्या आणि खिडक्यांना पडदे होते. ती बस राजधानीच्या रस्त्यांवरून फिरत राहिली. ज्यांना हा प्रश्न क्षुल्लक वाटतो त्यांनी हे विसरू नये. पण त्याच घटनेतून दुसराही धडा मिळतो. बंदी कागदावर होती, तरी ती बस कोणी अडवली नाही. उणीव होती ती नजरेची आणि अंमलबजावणीची. नियम कमी कडक होता म्हणून ते घडले नाही.

माझा आक्षेप आहे तो एका शब्दावर. 'काळी फिल्म' या एका शब्दाखाली आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी गाडून टाकल्या. सूर्यापासून चालकाला तीन प्रकारचा त्रास होतो. पहिला, डोळे दिपवणारी चकाकी. ही दृश्य प्रकाशाची. दुसरा, उष्णता, जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी सुमारे निम्मी अवरक्त किरणांत असते, आणि हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. तिसरा, अतिनील किरण. तेही दिसत नाहीत. पोलिसाला गाडीच्या आत पाहण्यासाठी फक्त दृश्य प्रकाश लागतो. अवरक्त आणि अतिनील किरण अडवल्याने त्याच्या दृष्टीत तसूभरही फरक पडत नाही. अतिनील किरण जवळजवळ पूर्णपणे आणि उष्णता बऱ्याच अंशी अडवणारी, तरीही नितळ दिसणारी फिल्म आज सहज तयार होते. मग गुन्हा रोखण्याच्या नावाखाली तिच्यावर बंदी कशासाठी?

अतिनील किरणांचा मुद्दा थोडा विस्ताराने सांगतो, कारण तो सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींतला मानला जातो. गाडीची पुढची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर दाबून बनवलेली असते. अपघातात तिचे तुकडे चालकावर उडू नयेत म्हणून कायद्यानेच ती सक्तीची केली आहे. त्या थरामुळे अतिनील किरणही अडतात. बाजूची काच मात्र बहुधा एकेरी, तापवून कठीण केलेली असते. अमेरिकेत १५ कंपन्यांच्या २९ गाड्यांची मोजणी करून २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढच्या काचेने त्वचेत खोलवर जाणाऱ्या अतिनील-ए किरणांपैकी सरासरी ९६ टक्के अडवले, बाजूच्या काचेने सरासरी ७१ टक्के. गाडीगणिक हा आकडा ४४ पासून ९६ टक्क्यांपर्यंत बदलत होता. २०१२ मध्ये तेथीलच एका वैद्यकीय नियतकालिकाने २८ वर्षे मालवाहू गाडी चालवलेल्या ६९ वर्षांच्या गृहस्थाचे छायाचित्र छापले. चेहऱ्याची डावी, म्हणजे खिडकीकडची बाजू उजव्या बाजूपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती. आपल्याकडे ही बाजू उजवी असणार, एवढाच फरक.

आता विसंगती पाहा. समोरच्या काचेच्या पोटातले प्लास्टिक सक्तीचे आणि बाजूच्या काचेवरचे प्लास्टिक दंडनीय! नियम १०० मध्ये दृश्य प्रकाशाची टक्केवारी आहे. अतिनील किरण किती अडवावेत याविषयी अक्षर नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी अशा प्रसंगी एकच प्रश्न विचारतो. खर्च कोणावर पडतो आणि निर्णय कोण घेतो? शासकीय गाडीत अधिकारी मागे, डावीकडे बसतो. उन्हाच्या बाजूला बसतो तो चालक. आणि आता तो बहुधा कंत्राटदाराचा माणूस असतो. भाड्याच्या वाहनांच्या ज्या निविदा माझ्या पाहण्यात आल्या त्यांत गाडीचा रंग, तिचे वय, वातानुकूलन, चालकाचा गणवेश, एवढेच काय पण आसनांवरचे स्वच्छ पांढरे आवरणही लिहिलेले असते. चालकाच्या खिडकीच्या काचेबद्दल एक ओळ मी अद्याप वाचलेली नाही. मागच्या खिडक्यांना मात्र कित्येक शासकीय गाड्यांत वर्षानुवर्षे पडदे लटकत आले. पडद्यातून किती टक्के प्रकाश आरपार जातो, हे मोजायला यंत्र लागत नाही. उच्च श्रेणीची सुरक्षा असलेल्या व्यक्तींसाठी अपवादाची वाट २०१२ च्या निकालातच ठेवलेली आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. पण रोज दहा तास खिडकीशी बसणाऱ्या ट्रकचालकासाठी कोणती वाट आहे? १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, ही आनंदाची गोष्ट. परंतु उन्हाला सताड मोकळी ठेवलेली काच बंद करून आत यंत्राने गारवा निर्माण करायचा, म्हणजे एका हाताने डिझेल जाळायचे आणि दुसऱ्या हाताने त्याचा उपयोग घालवायचा.

दरम्यान नियम बदलला आहे, आणि याची वार्ताच लोकांपर्यंत पोहोचलेली नाही. २०२० च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२१ पासून नियम १०० मध्ये 'सेफ्टी ग्लेझिंग' ही संकल्पना आली. तिच्यात आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काचही समाविष्ट आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने या दुरुस्तीच्या आधारे सांगितले की ७० व ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी फिल्म वाहनमालकालाही लावता येते. केरळबाहेर मात्र रस्त्यावरचा शिपाई सर्वसाधारणपणे २०१२ च्या निकालाकडेच बोट दाखवतो. परिणामी एकच गाडी, एकच काच, एकच केंद्रीय नियम; परंतु राज्याची सीमा ओलांडली की गुन्हा. पहिल्या खेपेस दंड ५०० रुपये, पुन्हा सापडल्यास १,५०० रुपये. रक्कम लहान आहे, पण अनिश्चितता लहान नाही. जेथे नियमाचा अर्थ शिपायाच्या मनावर सोपवलेला असतो, तेथे रस्त्याच्या कडेला कसली वाटाघाट होते हे वाचकांना सांगायला नको.

याचे एक समर्थन नेहमी ऐकू येते. शिपायाजवळ प्रकाश मोजण्याचे यंत्र नसते, म्हणून सरसकट बंदी सोयीची. हा युक्तिवाद मला प्रशासनाच्या दृष्टीने धोकादायक वाटतो. जे मोजता येत नाही ते निषिद्ध करायचे, हा आळशी राज्यकारभार झाला. मद्यपी चालक ओळखण्यासाठी आपण श्वास तपासण्याची यंत्रे घेतली, वेगासाठी रडार घेतले. काचेतून जाणारा प्रकाश मोजणारे यंत्र हातात मावते. त्यात कोणतेही रॉकेटविज्ञान नाही.

करायचे काय, ते थोडक्यात मांडतो.

१) केंद्राने सर्व राज्यांना दुरुस्त नियमाचा अर्थ एका पानात, निःसंदिग्ध भाषेत कळवावा. २०१२ चा निकाल आड येतो असे वाटत असेल तर सर्वोच्च न्यायालयाकडूनच स्पष्टीकरण घ्यावे.

२) बाजूच्या काचांनी अतिनील किरण किमान किती अडवावेत, याची मर्यादा नियमात घालावी. ती प्रथम ट्रक, बस आणि टॅक्सी यांना लागू करावी.

३) फिल्मवर टक्केवारीची कायम छाप असावी आणि प्रत्येक तपासणी पथकाकडे मोजयंत्र असावे. छाप नाही किंवा मोजमाप कमी भरले, तर दंड अवश्य करावा.

४) शासकीय वाहनांच्या निविदेत चालकाच्या काचेची अट घालावी, आणि पडदे उतरवावेत.

हे होईपर्यंत चालकांनी काचा आतून रोज पुसाव्यात, कारण धुळीचा थर चकाकी वाढवतो. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि चष्मा वापरावा; अतिगडद, चौथ्या श्रेणीचा चष्मा मात्र गाडी चालवण्यास योग्य नाही. चालकाच्या खिडकीला जाळी लावू नये, तिच्यामुळे आरसा झाकला जातो. हे सल्ले उपयोगी आहेत. परंतु जे काम नियमाने करायचे ते सदऱ्याच्या बाहीवर ढकलून शासनाला मोकळे होता येणार नाही.

गाडीच्या आत कोण आहे हे पाहण्याचा राज्याला अधिकार आहे. तो मान्य करूनही एक प्रश्न उरतो. जो प्रकाश पाहण्यासाठी लागतच नाही, तो चालकाच्या अंगावर पडत ठेवण्याचा अधिकार राज्याला कोणी दिला?