घर आपल्या हाती : डेकच्या दारातला वारा

उन्हाळी अंकात आम्ही डेकच्या रंगरंगोटीबद्दल लिहिलं आणि फोन मात्र आले ते डेककडे उघडणाऱ्या दाराबद्दल. इकडे ज्याला फ्रेंच डोअर म्हणतात, ते काचेच्या दोन फळ्यांचं दार. घर घेताना बहुतेकांना याच दाराची भुरळ पडलेली असते. दहा-पंधरा हिवाळे गेले की त्याच दारातून वारा पायाला झोंबू लागतो. मग दार विकणारा गृहस्थ येतो, "हे संपलं, नवीनच बसवा" म्हणतो आणि काही हजार डॉलरचा आकडा लिहून देऊन जातो. त्या कागदावर सही करण्याआधी एक शनिवार त्या दाराला द्यावा, असे आमचे मत आहे. पण आधी एक ठरवायचं : आपला त्रास वाऱ्याचा आहे की पाण्याचा? वाऱ्याने बिल वाढतं. पाण्याने घर कुजतं, आणि तेही कार्पेटखाली, न दिसता.

साध्या दाराला तीन बाजूंनी चौकट आणि खाली उंबरा असतो, म्हणजे चारी बाजूंना न हलणारा आधार. दोन फळ्यांच्या दारात प्रत्येक फळीची एक बाजू दुसऱ्या फळीच्या भरवशावर, आणि ती दुसरी फळीही हलणारीच! आपल्याकडच्या वाड्यांत एका फळीवर उभी लाकडी पट्टी ठोकलेली असे आणि ती मधली फट झाकत असे. इथेही तशीच पट्टी असते, फक्त नाव भारदस्त आहे : ॲस्ट्रगल. रोज न उघडणाऱ्या फळीवर ती बसवलेली असते, आणि त्या फळीला वर चौकटीत व खाली उंबऱ्यात जाणाऱ्या खिट्ट्या असतात. खिट्ट्या पूर्ण बसल्या नाहीत तर ती फळी वाऱ्याबरोबर डुलते, मग कितीही महागाचं रबर लावा. तेव्हा पहिलं काम फुकटाचं आहे. त्या फळीला तळहाताने दाबून पाहा. हलली, तर खालच्या खिट्टीचं भोक व्हॅक्यूमने साफ करा. त्यात माती, सुकलेली पानं, मुलांचं कायबाय साठून खिट्टी अर्ध्यावरच अडते. काही दारांना वर, मध्ये, खाली असं तीन ठिकाणी अडकणारं कुलूप असतं. त्याचं हँडल वर उचलल्याशिवाय आकडे बसतच नाहीत. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना हे मुद्दाम दाखवावं लागतं, कारण हँडल वर उचलायचं असतं हे त्यांना कोण सांगणार?

आता वारा नक्की कुठून येतो ते शोधायचं. यासाठी लागणारं उपकरण आपल्या देवघरातच असतं. वाऱ्याच्या दिवशी फर्नेस आणि गॅसचा वॉटर हीटर बंद करा, बाथरूमचा व स्वयंपाकघरातला, बाहेर हवा फेकणारा पंखा लावा, पडदे बाजूला सारा आणि पेटलेली उदबत्ती दाराच्या कडेकडेने सावकाश फिरवा. धूर जिथे एकदम आत वळतो तिथे पेन्सिलीने खूण करा. खुणा बहुधा खालच्या दोन कोपऱ्यांत आणि खाली अगदी मध्ये, जिथे दोन्ही फळ्या आणि उंबरा एकत्र येतात, तिथे सापडतील. काम झाल्यावर पंखे बंद करून फर्नेस आणि हीटर आठवणीने पुन्हा चालू करावेत.

पट्ट्या आणायला धावण्यापूर्वी फळ्या सरळ आहेत का ते पाहावं. दोघींमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी, साधारण एक अष्टमांश इंच हवी. वर चिकटलेली आणि खाली फाकलेली असेल तर वरची बिजागरी फळीच्या वजनाने सुटत चालली आहे, असे समजावे. त्या बिजागरीचा चौकटीकडचा एक आखूड स्क्रू काढा, चौकटीच्या मध्याला जवळ असलेला, आणि त्याच भोकात तीन इंची स्क्रू घाला. तो चौकट ओलांडून भिंतीच्या आतल्या लाकडात शिरतो आणि फळीला ओढून धरतो. अर्धा अर्धा फेरा पिळा आणि दर वेळी दार लावून बघा. चारदोन नाण्यांत होणारं हे काम निम्म्या तक्रारी मिटवतं, असा आमचा अनुभव आहे. दार जुलै-ऑगस्टमध्ये घासतं म्हणून रंधा मात्र मारू नका. श्रावणात आपल्याकडची दारं फुगतात तशीच दमट उन्हाळ्यात इथलीही लाकडी दारं फुगतात, आणि जानेवारीत फर्नेसच्या कोरड्या हवेने आकसतात. उन्हाळ्यात तासलेलं हिवाळ्यात फट होऊन परत येतं.

वेदरस्ट्रिप, म्हणजे चौकटीतली मऊ पट्टी, पुष्कळ दारांत खाचेत नुसती दाबून बसवलेली असते. वरच्या कोपऱ्यातून ओढली की निघते. बोटाने दाबल्यावर ती परत फुगत नसेल तर मेली म्हणायची. जुन्या पट्टीचा तुकडा दुकानात नेऊन तशीच घ्यावी, डोळ्यांच्या अंदाजाने आणू नये. खालच्या कोपऱ्यांसाठी पाचरीसारख्या छोट्या स्पंजाच्या गाद्या मिळतात, त्यांना कॉर्नर पॅड म्हणतात. किंमत किरकोळ, उपयोग मोठा. ॲस्ट्रगलच्या खालच्या टोकालाही तशी गादी असते आणि तीच सर्वांत आधी झिजते. उंबऱ्याच्या वरच्या पट्टीत ओळीने स्क्रू दिसत असतील तर ती पट्टी वरखाली करता येते. दारात कागद धरून दार लावा. कागद किंचित अडखळत निघाला की बरोबर. फाटला तर पट्टी जास्त वर आली आहे, आणि दार लावताना रोज खालचं रबर झिजणार.

आता पाणी. चौकटीचे उभे खांब खाली जिथे उंबऱ्याला टेकतात, तिथे लाकडाचं कापलेलं टोक असतं आणि ते टोक स्पंजासारखं पाणी शोषतं. डेकची पातळी उंबऱ्याच्या अगदी जवळ असेल तर पावसाचे शिंतोडे रोज तिथेच उडतात, आणि वर साठलेला बर्फ वितळला की तोही तिथेच. रंग वरून शाबूत दिसतो. त्यावर जाऊ नका, स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. लाकूड टणक लागलं तर देवाची कृपा. इंचभर शिरलं तर कुजलेलं सगळं खरवडून काढावं, काही दिवस कोरडं होऊ द्यावं, आधी पातळ इपॉक्सी मुरवावं आणि मग दोन भाग मिसळून होणारी इपॉक्सीची पुट्टी भरावी. वाळल्यावर घासून प्रायमर आणि रंग. घर १९७८ पूर्वीचं असेल तर घासण्याआधी रंगात शिसं आहे का ते तपासून घ्या, विशेषतः घरात रांगणारं मूल असेल तर. पण दारासमोरची जमीन पायाखाली दबत असेल तर पुट्टीचा खेळ थांबवावा आणि सुताराला बोलवावं. उंबऱ्याखाली पाणी अडवणारी तबकडी मुळात बसवलेलीच नसते, अशी घरं पुष्कळ आहेत. ती बसवायची म्हणजे सबंध दार काढावं लागतं. अशा वेळी नवीन दाराचा आकडा रास्त असू शकतो. नुसती काचेच्या आत वाफ धरली असेल तर मात्र नाही. दार तेच ठेवून फक्त काच बदलून मिळते.

बाहेरून सीलंट भरताना चौकट आणि भिंत यांच्यामधला सांधा भरावा. उंबऱ्याच्या बाहेरच्या कडेला बारीक भोकं असतील तर ती बुजवू नयेत, आत आलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. आणि आईने दिलेली गोधडी गुंडाळून उंबऱ्याशी ठेवण्याची पद्धत आमच्या ओळखीत बऱ्याच घरी आहे. माया समजते, पण गोधडी ओल धरून ठेवते आणि लाकूड हिवाळाभर भिजत राहतं.

काही मंडळी नोव्हेंबरात दारावर प्लॅस्टिक चिकटवून पुढे सोफा सरकवतात तो एप्रिलपर्यंत. हे कृपा करून करू नका. स्वयंपाकघर पेटलं तर मागच्या बाजूला बाहेर पडायला बहुधा हेच दार असतं, आणि त्या वेळी आजीला प्लॅस्टिक फाडायला सांगणार का? आतून किल्लीनेच उघडणारं कुलूप असेल तर तेही याच कारणासाठी बदलावं.

सीलंटच्या नळकांड्यावर किती तापमानापर्यंत चालतं ते लिहिलेलं असतं. बऱ्याच प्रकारांना चाळीस अंश फॅरनहाइटच्या वर हवा लागते, तेव्हा हे काम दसरा-दिवाळीच्या मध्ये उरकावं. पुढच्या अंकात तळघरातली ओल.