शालेय निबंधपरीक्षा : तंत्र आणि विचार

परीक्षेत निबंधाला चांगले गुण मिळविण्याचे तंत्र शिकविणे म्हणजे वाङ्मयीन संस्कारांशी प्रतारणा करणे, असा एक समज मराठीच्या अध्यापकवर्गात आढळतो. तो तपासून पाहावयास हवा. शाळांतून तंत्र म्हणून जे शिकविले जाते ते बहुधा तंत्र नसतेच. ते पाठांतर असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘पाऊस पडला नाही तर...’ हा चिरपरिचित विषय घेऊ. मार्गदर्शिकांत तो ‘कल्पनाप्रधान’ या सदरात मोडतो. आकर्षक प्रारंभ, पावसाचे फायदे, त्याच्या अभावी होणारे तोटे आणि सुभाषितवजा शेवट हा त्याचा ठरीव साचा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. तेथील विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा विषय कल्पनेचा कसा म्हणावयाचा? घागरींच्या रांगेत उभा राहिलेला मुलगा उत्तरपत्रिकेत मोर आणि इंद्रधनुष्याविषयीच लिहीत असेल, तर स्वतःचा अनुभव परीक्षेत चालत नाही, हा धडा त्याने आपल्याकडूनच घेतलेला असतो.

खरे तंत्र निराळे आहे. प्रथम विषयातील कळीचा शब्द हेरावा. येथे तो ‘पाऊस’ नसून ‘तर’ हा आहे; मागणी परिणामांची आहे, पर्जन्यवर्णनाची नव्हे. लेखनास आरंभ करण्यापूर्वी चार-पाच मिनिटे देऊन आपले म्हणणे एका वाक्यात मांडावे. उदाहरणार्थ, ‘टंचाईत विहिरीआधी शेजारधर्म आटतो.’ या विधानाला आधार देणारे तीनच मुद्दे निवडावेत. त्यांतील एक तरी स्वतः पाहिलेला असावा. विधानाला उपकारक नसलेला मुद्दा, तो कितीही सुंदर असला तरी, गाळावा. अखेरची दोन मिनिटे पुनर्वाचनासाठी राखावीत. ‘निबंध’ या शब्दातील ‘बंध’ तो हाच.

गठ्ठ्यामागून गठ्ठे तपासणारा परीक्षक अपेक्षित मुद्देच शोधतो, तेव्हा साचाच सुरक्षित, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो निराधार नाही. परंतु साच्याने मिळते ती मध्यम गुणांची हमी. एकसारख्या पन्नास उत्तरांनंतर आलेले एक स्वतंत्र, सुसंगत उत्तर परीक्षकाला थांबविते. ते तसे थांबवीत नसेल, तर दोष विद्यार्थ्याच्या तंत्राचा नसून आपल्या गुणदानाचा आहे.

हा प्रश्न केवळ शाळेचा नाही. ‘चर्चा करा’ असे विचारताच कवीचे जन्मसाल आणि ग्रंथसूची लिहू लागणारा पदव्युत्तर विद्यार्थी त्याच साच्यातून आलेला असतो. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली, ती स्वतःचे मत ठामपणे मांडण्यासाठी. मत नसलेला निबंध गुण मिळवून देईलही. पण त्याचे नाव निबंध असू नये.