भाकरीची घासाघीस

दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली की मिरजेत दोन विषय ठरलेले. एक गाण्याचा, दुसरा उसाचा. करंजीचा तुकडा मोडता मोडता कोणीतरी म्हणतो, "शेतकऱ्याला हाव सुटली हो! पाण्याची नासाडी, जमिनीचे वाटोळे. पूर्वीचा शाळू राहिला नाही की पूर्वीची भाकरी राहिली नाही." बाकीचे माना डोलावतात आणि बोटांना लागलेली चिरोट्याची साखर झटकतात. इतकी वर्षे मी हे ऐकून घेतले. यंदा ऐकून घेणार नाही.

जमिनीचे वाटोळे झाले, हे खोटे नव्हे. कृष्णाकाठी बारमाही उसाला पाणी पाजून पाजून कित्येक मळ्यांत जमिनीखालचे पाणी वर चढले आणि त्याबरोबर क्षार वर आले. उन्हाने पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. ती पांढरी पडलेली काळी राने पाहवत नाहीत. सच्छिद्र नळ पुरून निचरा करता येतो; पण तो खर्च एकट्याच्या आवाक्यातला नसतो, आणि चर शेजाऱ्याच्या रानातून न्यायचा तर आधी शेजाऱ्याशी बोलणे सुरू हवे!

पाण्याचेही तेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी गेली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. आपल्या सर्वांची छाती फुगली, माझीही फुगली. आता एक लहानसे गणित मांडा. किलोभर साखरेमागे दीड ते दोन हजार लिटर पाणी लागते, असा केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाचा हिशेब आहे. म्हणजे ती अख्खी आगगाडी अडीच-तीन क्विंटल साखरेत संपली! मोठ्या लग्नघरी तेवढी साखर सहज लागते.

पण म्हणून शेतकऱ्याला हावरट ठरवायचे? उसाचा किमान दर सरकार कायद्याने ठरवते आणि तो देणे कारखान्याला भाग असते. ज्वारीलाही हमीभाव जाहीर होतो. पण पोते घेऊन तो बाजारात उतरला की समोरचा देईल तो भाव. शाळूची काढणी म्हणजे ताटे मुळासकट उपटणे. कंबर मोडते, माणसे मिळत नाहीत. पाखरे राखायची ती वेगळीच. इतके करून आलेल्या धान्याला गिऱ्हाईक नसेल, तर त्याने काय आपल्या आठवणींसाठी शाळू पेरायचा?

वास्तविक शाळूसारखे समजूतदार पीक नाही. परतीच्या पावसाने मुरवलेल्या ओलीवर तो पेरतात, थंडीत तो वाढतो, पाटाच्या पाण्यासाठी हटून बसत नाही. दाणा माणसाला, कडबा जनावराला, जनावराचे शेण पुन्हा रानाला. मालगाव, बेडग, आरग ओलांडून कवठेमहांकाळ-जतकडे गेलात, तर हे चक्र अजून कोठेकोठे फिरताना दिसेल. ते थांबवणारे हात केवळ शेतकऱ्याचे नाहीत. चपातीला मध्य प्रदेशचा गहू आपल्यालाच हवा असतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले, तेव्हा रंगीत पाकिटातल्या ज्वारीच्या बिस्किटांना मागतील ते दाम आपणच दिले. आणि पोत्यातल्या ज्वारीला मात्र "दोन रुपये कमी करा की" म्हणणारेही आपणच.

यावर काही शहाणे सांगतात, जवळपास पिकलेले तेवढे खा, म्हणजे झाले. हेही मला अर्धेच पटते. ऊस काय परमुलखातून येतो? त्याच्याइतके जवळचे दुसरे काय आहे! नुसते जवळचे असून भागत नाही. रान आणि पाणी राखून पिकवलेले हवे, आणि तसे पिकवणाऱ्याला घेणारा ठाऊक हवा. आपल्या आज्या वर्षाचे धान्य ठराविक माणसाकडून भरत. शाळू कोणत्या रानातला, यंदा दाणा बारीक का, हे त्यांना माहीत असे. भाव पाडायला त्याही कमी नव्हत्या म्हणा! पण पुढच्या साली पुन्हा त्याच माणसाकडे जात. पेरताना त्याला तेवढा भरवसा पुरत असे.

आम्ही घरी दोन वर्षांपासून तसे करतो. दिवाळीत शाळू रानात वाढीला लागलेला असतो, तेव्हाच पूर्वेकडच्या एका शेतकऱ्याला सांगून ठेवतो, दोन क्विंटल आमचे. मागच्या खेपेस त्याने पेठेहून किलोला सहा रुपये जास्त सांगितले. घरात कुरकुर झाली. मीही मनातून चरकलो. वहीत हिशेब मांडला, तर फरक बाराशे रुपयांचा निघाला. त्याच वहीच्या आदल्या पानावर फटाक्यांचा आणि विकतच्या मिठाईचा खर्च लिहिलेला होता. ते पान मी कुरकुर करणाऱ्यांपुढे नुसते उघडून ठेवले. ज्वारी आली, उन्हात वाळवून कोठीत गेली. यंदाचा निरोप भाऊबीज झाली की धाडायचा आहे.