विश्लेषण : पाच दारांच्या ‘थार रॉक्स’वर मालक खूशही आणि नाराजही का?

नाशिकमध्ये तयार होणारी महिंद्रची पाच दारांची ‘थार रॉक्स’ १५ ऑगस्ट २०२४ रोजी बाजारात आली. ३ ऑक्टोबरला नोंदणी सुरू झाल्यावर पहिल्याच तासात १ लाख ७६ हजार २१८ गाड्यांची नोंदणी झाली. ‘इंडियन कार ऑफ द इयर २०२५’ हा पुरस्कारही तिलाच मिळाला. मात्र गाडी हाती आल्यानंतर मालकांची मते दोन टोकांना गेलेली दिसतात. ‘घरच्यांना घेऊन जाता येईल अशी थार अखेर मिळाली,’ असे काहींचे म्हणणे आहे, तर ‘एवढे पैसे मोजून गाडी खड्ड्यात हलतेच,’ अशी काहींची तक्रार आहे. एकाच गाडीबद्दल इतके वेगळे अनुभव का येतात? आणि आसनगाव, शहापूर, मुरबाड पट्ट्यात ही गाडी घेऊ पाहणाऱ्याने त्यातून काय घ्यावे?

नव्या रचनेत नेमके काय बदलले?

२ ऑक्टोबर २०२० रोजी आलेली तीन दारांची थार चार जणांची गाडी होती. मागच्या सीटवर जाण्यासाठी पुढची सीट वाकवावी लागे आणि सामानाला जागा जेमतेम होती. रॉक्समध्ये दोन दारे वाढली, पाचव्या प्रवाशाची सोय झाली आणि सामानासाठी ४४७ लिटर जागा मिळाली. पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर, म्हणजे व्हीलबेस, २४५० मिमीवरून २८५० मिमी झाला. लांबी सुमारे ४.४३ मीटर, तर रुंदी १८७० मिमी आहे.

बदल केवळ आकारात नाहीत. स्टीअरिंग इलेक्ट्रिक झाले. मागच्या सस्पेन्शनमध्ये ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून ‘वॉट्स लिंक’ ही जोडणी आली. वरच्या श्रेणींत मोठे सनरूफ आणि चालकाला सावध करणारी ‘एडास’ यंत्रणा मिळते. ‘भारत एनकॅप’च्या धडक चाचणीत गाडीला प्रौढ आणि बालक अशा दोन्ही गटांत पाच तारे मिळाले. प्रौढ सुरक्षेत ३२ पैकी ३१.०९ आणि बालसुरक्षेत ४९ पैकी ४५ गुण होते. मूळ सांगाडा मात्र ट्रकसारखा, शिडीच्या आकाराच्या चौकटीवर बांधलेलाच आहे.

मालकांना काय आवडले?

मागची सीट, हे सर्वाधिक ऐकू येणारे उत्तर. आधीची थार घरात बहुधा दुसरी गाडी असे. रॉक्स पहिली किंवा एकमेव गाडी म्हणून घेता येते. घरातील ज्येष्ठांना मागे बसवून लग्नकार्याला जाता येते. पायरी उंच असल्याची कुरबुर असली, तरी दार उघडून थेट आत बसता येते, हा फरक मोठा आहे. इंजिनाच्या ताकदीबद्दलही फारशी तक्रार नाही. वरच्या श्रेणींतील दोन लिटर पेट्रोल आणि २.२ लिटर डिझेल ही दोन्ही इंजिने सुमारे १७५ अश्वशक्तीची आहेत. कसारा घाट किंवा माळशेज चढताना पाच माणसे आणि सामान असूनही गाडी दमत नाही. सुरक्षेचे तारे हे तिसरे कारण. मुंबई-नाशिक महामार्गावर रोज अवजड वाहनांच्या गर्दीतून जाणाऱ्यांसाठी हा मुद्दा कागदी राहत नाही.

मग गाडी हलते, ही तक्रार कशामुळे?

रॉक्सची मागची दोन्ही चाके एकाच भक्कम ॲक्सलला जोडलेली आहेत. एक चाक खड्ड्यात गेले की त्या ॲक्सलमुळे दुसऱ्या चाकाचा कलही बदलतो आणि गाडी डावी-उजवीकडे डोलते. पुढची चाके स्वतंत्र असल्याने चालकाला हे कमी जाणवते, मागे बसलेल्यांना जास्त. वेग वाढला की डोलणे कमी होते. २० ते ३० किमी वेगाने खड्ड्यांतून जाताना ते सर्वाधिक असते. पावसाळ्यात वडपे ते आसनगाव किंवा शहापूर-किन्हवली-सरळगाव या मार्गांवर गाडी नेमकी याच वेगाने चालवावी लागते.

हाच ॲक्सल दगडधोंड्यांवर मात्र फायद्याचा ठरतो. एक चाक दगडावर चढले की दुसरे खाली दाबले जाते आणि जमिनीवरची पकड टिकते. म्हणजे मालक ज्याला दोष म्हणतात, तीच गोष्ट गाडी ज्या कामासाठी बांधली आहे त्या कामातील गुण आहे. मोनोकॉक बांधणीच्या, रस्त्यासाठीच केलेल्या एसयूव्हीमधून आलेल्या मालकाला रॉक्स कडक वाटते. जुन्या थारमधून आलेल्याला ती मऊ वाटते. मते दुभंगण्याचे हे मुख्य कारण आहे. दोघेही खरेच सांगत असतात, फक्त त्यांची तुलना वेगवेगळ्या गाड्यांशी असते.

इतर तक्रारी कोणत्या?

पहिली तक्रार पांढऱ्या सीटची. भातखाचरांच्या चिखलातून आलेले पाय आणि लहान मुले असलेल्या घरात हा रंग टिकवणे अवघड. टीका झाल्यावर कंपनीने फोर बाय फोर श्रेणीत ‘मोका ब्राऊन’ रंगाचा पर्याय दिला. दुसरी तक्रार मागच्या दाराची. ते वर न उघडता बाजूला उघडते आणि त्यावर स्टेपनी असते. त्यामुळे आसनगाव स्थानकाबाहेर दाटीवाटीने गाडी लावल्यावर मागे जागा नसेल, तर सामान काढता येत नाही. तिसरी तक्रार रुंदीची. गावातल्या अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की १८७० मिमी रुंदी जाणवते.

चौथी आणि सर्वांत मोठी तक्रार इंधनाची. सरळ उभी काच, चौकोनी आकार आणि प्रवाशांसह दोन टनांच्या आसपास वजन, यांचे हे गणित आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किमीऐवजी १२० किमीने गेल्यास तो ४४ टक्क्यांनी वाढतो. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किमीचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि शहापूर तालुक्यातून १२० च्या वेगमर्यादेचा रस्ता उपलब्ध झाला. तेथे चौकोनी गाडीची टाकी लवकर उतरते. महिन्याला १,५०० किमी फिरणाऱ्याने डिझेल ९० रुपये लिटर धरले, तर लिटरला १३ किमी मिळाल्यास खर्च सुमारे १०,४०० रुपये येतो आणि १० किमी मिळाल्यास १३,५०० रुपये. वर्षाचा फरक ३७ हजारांच्या घरात जातो.

फोर बाय फोर घ्यावी की नाही?

रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलबरोबर मिळते. सुरुवातीच्या किमतींनुसार ‘एमएक्स ५’ डिझेल मॅन्युअल गाडी मागच्या चाकांवर चालणारी घेतल्यास १६.९९ लाख आणि फोर बाय फोर घेतल्यास १८.७९ लाख रुपये होती. म्हणजे फरक १ लाख ८० हजारांचा. त्यावर राज्याचा १४ टक्के वाहन कर धरला तर तो दोन लाखांवर जातो.

या पैशात नेमके काय मिळते? ही यंत्रणा कायमस्वरूपी नसून गरजेनुसार जोडायची आहे. कोरड्या डांबरी किंवा काँक्रीट रस्त्यावर ती जोडायची नसते. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. मध्ये हा फरक सामावून घेणारा डिफरन्शियल नसल्याने यंत्रणेवर ताण येतो. चिखल, वाळू, ओले गवत, निसरडा चढ येथेच तिचा उपयोग. ‘फोर लो’मध्ये गाडीचा वेग खूप कमी होतो, मात्र चाकांपर्यंत पोहोचणारा जोर त्याच प्रमाणात वाढतो. चाक अधांतरी फिरत राहू नये म्हणून लॉक होणारा मागचा डिफरन्शियलही दिला आहे.

त्यामुळे निर्णय रस्त्यावर ठरतो. डोळखांब किंवा टोकावडेच्या आतील एखाद्या पाड्यापर्यंत वर्षातून चार महिने कच्च्या, चढाच्या वाटेने जाणाऱ्या शेतकऱ्याला किंवा ठेकेदाराला ही यंत्रणा रोज कामाची आहे. घर ते स्थानक, शनिवारी माळशेज आणि वर्षातून दोनदा कोकण, एवढाच वापर असलेल्याच्या गाडीत ती बहुतांश काळ बंद राहील. तिच्या वजनाचे इंधन मात्र रोज जळेल. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीलाही जमिनीपासूनची उंची मिळते. खड्डे आणि कच्चा, पण कोरडा रस्ता यांसाठी ती बहुतेक वेळा पुरते. रिकामी गाडी ओल्या चढावर मात्र चाक फिरवत थांबू शकते.

लांबी वाढल्याने ऑफ-रोड क्षमता घटली का?

काही अंशी, होय. उंचवटा ओलांडताना पुढची चाके उतरलेली आणि मागची चढायची असतात, तेव्हा पोट टेकण्याचा धोका असतो. चाकांतील अंतर ४०० मिमीने वाढल्यावर हा धोका वाढतोच. रॉक्समध्ये हा कोन २३.९ अंश आहे. पुढून चढण्याचा कोन ४१.७ आणि मागून उतरण्याचा ३६.१ अंश असल्याने नाक आणि शेपूट सहसा अडत नाही, अडते ते पोट. शेताच्या बांधावरून किंवा ओढ्याच्या काठावरून सरळ जाण्याऐवजी तिरके जाणे हा त्यावर चालकांचा जुना उपाय आहे.

निव्वळ ऑफ-रोडसाठी घेणाऱ्यांचे लक्ष म्हणूनच इतर गाड्यांकडेही जाते. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा २०२४ मध्ये पाच दारांत आली. तिच्यात पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक होणारे डिफरन्शियल आहेत, मात्र १४० अश्वशक्तीचे २.६ लिटर डिझेल इंजिन वेगासाठी नाही. मारुतीची पाच दारांची जिम्नी चार मीटरच्या आत बसते आणि अरुंद वाटेवर सोपी जाते, तिच्यात १.५ लिटर पेट्रोल इंजिन आणि मागे मर्यादित जागा आहे. रॉक्स या दोघींपेक्षा घराच्या जवळची आणि जंगलापासून थोडी दूरची आहे.

६५० मिमी पाण्यातून जाता येते, म्हणजे काय?

या गाडीच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज याच आकड्याबद्दल आहे. ६५० मिमी म्हणजे दोन फुटांहून किंचित जास्त. ही क्षमता साचलेल्या किंवा संथ पाण्यासाठी आणि खाली भक्कम तळ असेल तेव्हाची आहे. वाहत्या पाण्याचे गणित वेगळे असते. गाडीच्या तळाचे क्षेत्रफळ सात चौरस मीटर धरले, तर तळाच्या वर चढलेले प्रत्येक १० सेंटिमीटर पाणी गाडीला सुमारे ७०० किलोने उचलू पाहते. पाणी आत शिरेपर्यंत दोन टनांची गाडी हलकी होत जाते, चाकांची पकड सुटते आणि प्रवाह तिला बाजूला ढकलतो. चारही चाकांना ताकद असली, तरी चाके जमिनीवर टेकलेली नसतील तर उपयोग नाही. साधारण दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते. म्हणजे माहितीपत्रकातील मर्यादा आणि वाहून जाण्याची मर्यादा जवळपास एकच आहे. शहापूर-मुरबाडमधील कमी उंचीच्या पुलांवर जुलैमध्ये पाणी चढते, तेव्हा गाडी कोणती आहे हा प्रश्न गैरलागू ठरतो.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करणे ही दुसरी चूक. सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असे नुकसान सर्वसाधारण विम्यात सहसा बसत नाही; त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते.

कायदा काय सांगतो?

गाडी घेतल्यावर मोठे टायर, उंच सस्पेन्शन, लोखंडी बंपर बसवण्याकडे अनेकांचा कल असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले. समोर बसवल्या जाणाऱ्या क्रॅश गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे निर्देश दिले होते. तानसा अभयारण्य आणि राखीव वनांत परवानगीशिवाय गाडी घालणे हाही गुन्हा आहे. धबधब्यांच्या परिसरात पावसाळ्यात प्रशासनाचे मनाई आदेश लागू असतात, ते वेगळेच.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीची नवी रचना लागू झाली. उपकर रद्द होऊन रॉक्स ४० टक्क्यांच्या टप्प्यात आली आणि तिच्या किमती १ लाख ३३ हजारांपर्यंत उतरल्या. तीन दारांची, १.५ लिटर डिझेल इंजिनाची थार मात्र चार मीटरच्या आत असल्याने १८ टक्क्यांत बसते. त्यामुळे दोघींच्या किमतीतील दरी महत्त्वाची ठरते.

समृद्धीसाठी जमिनी दिलेल्या तालुक्यांत शहापूरही आहे. जमिनीचा मोबदला एकदाच मिळतो आणि गाडीची किंमत दरवर्षी उतरते. विम्याच्या प्रचलित कोष्टकानुसार गाडीचे मूल्य दुसऱ्या वर्षी २० टक्क्यांनी, तर चार ते पाच वर्षांत ५० टक्क्यांनी कमी धरले जाते. त्यामुळे दालनाबाहेरच्या गुळगुळीत रस्त्यावरची दहा मिनिटांची चाचणी पुरेशी नाही. गाडी आपल्या रोजच्या खराब रस्त्यावर न्यावी आणि त्या वेळी घरातील ज्येष्ठ व्यक्तीला मागे बसवावे. मागचे दार आपल्या जागेत उघडते का आणि समोरून एसटी आल्यावर गाडी कडेला घेता येते का, हे पाहावे. गेल्या वर्षभरात फोर बाय फोरवाचून किती वेळा अडले, हेही आठवावे. उत्तर ‘एकदाही नाही’ असेल, तर दोन लाख रुपये वाचतात.