चिठ्ठीविना मिळणारी गुंगी

शेतकरी बंधूंनो, अमली पदार्थ म्हटले की आपल्याला आठवतो तो उसाच्या फडात लपवलेला गांजा. पण घरातला औषधांचा डबा एकदा उघडून बघा. खोकल्याची बाटली, कंबरदुखीच्या गोळ्या, म्हातारीची झोपेची गोळी. यातले अमली कोणते?

गुंगी येते ते सगळे अमली नव्हे. सर्दीची गोळी घेतली की डुलकी लागते, तेवढ्यावर ती अमली ठरत नाही. तापाची पॅरासिटामॉल तर नाहीच. उलट खोकल्याच्या काही औषधांत असणारे कोडीन हे थेट अफूच्या कुळातले. जबर दुखण्यावरचे ट्रामाडॉल २०१८ पासून, तर झोपेसाठी व घबराटीवर देतात ते अल्प्राझोलाम त्याच्याही आधीपासून १९८५ च्या कायद्याखाली येते. कायद्याच्या भाषेत कोडीन गुंगीकारक, बाकीची दोन मनोव्यापारांवर परिणाम करणारी. कायदा मात्र गांजाला लागतो तोच!

ही औषधे वाईट नाहीत. डॉक्टरने सांगितली तेवढी, सांगितले तितके दिवस घेतली तर गुणच येतो. बिघडते ते पुढे. दिवसभर भांगलण केली, अंग ठणकतेय, म्हणून 'मागचीच गोळी द्या' म्हणत मेडिकलवाल्याकडे जायचे. दोन महिन्यांनी एकीने भागत नाही, दोन लागतात. गोळी खाऊन ट्रॅक्टरवर बसायचे, वर संध्याकाळी दारू. या औषधांवर दारू पडली तर झोपेतच श्वास मंदावून माणूस जाऊ शकतो. आणि सवय लागली असेल तर एकदम बंदही करू नका, फिट येण्याचा धोका असतो. डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी क्रमांक आहे.

मार्च २०१४ पासून ही तिन्ही औषधे विकताना दुकानदाराने डॉक्टरची चिठ्ठी बघून रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले, हे वेगळ्या वहीत लिहायचे असते. ती वही तीन वर्षे जपायची. दुकानदार चिठ्ठी मागतो म्हणून त्याच्याशी भांडू नका, तो तुमच्याच भल्याचे करतोय.

आता सरपंच आणि पोलीस पाटील मंडळींना एक सांगणे. शिवारात गांजा लावलेला कळला तर तातडीने वर्दी देणे कायद्याने तुमच्यावर बंधनकारक आहे. जाणूनबुजून गप्प बसलात तर तुम्हीही गुन्हेगार. पण एसटी स्टँडमागे खोकल्याच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग पडतो, त्याची वर्दी कोण देणार? कायद्याने सांगितले नाही म्हणून तिकडे काणाडोळा करायचा का? आमचे म्हणणे एवढेच, येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. चिठ्ठीविना विक्री होत असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. गांजाचे झाड लांबून दिसते. खिशातली गोळी दिसत नाही, आणि पोर हातचे गेल्यावर दिसून उपयोग नाही.