मोजके, पण आपले कपडे

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. गावभागातल्या माझ्या मावशीच्या घरात पाणी शिरू लागले, तेव्हा ती आणि काका एक पिशवी घेऊन मिरजेला नणंदेकडे गेले. पिशवीत दोन सुती साड्या, एक सिंथेटिक, दोन पोलकी आणि काकांचे दोन जोड. एवढ्यावर दोघांनी बारा दिवस काढले. घरी परतल्यावर कपाट उघडले, तर खालचे तिन्ही कप्पे चिखलाने भरलेले. साठ-पासष्ट साड्या बाहेर निघाल्या. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना फॉल-पिकोही झालेला नव्हता.

मावशी त्या साड्यांसाठी रडली नाही. रडली ती आईच्या एका जुन्या इरकलीसाठी.

ही हकिकत सांगायचे कारण असे, की कपाट भरलेले आणि तरीही 'आज काय नेसू?' हा प्रश्न घरोघरी रोज सकाळी पडतो. पश्चिमेत यावर एक तोड निघाली. १९७० च्या दशकात लंडनमध्ये कपड्यांचे दुकान चालवणाऱ्या सूझी फो यांनी 'कॅप्सूल वॉर्डरोब' ही कल्पना मांडली. एकमेकांवर सहज जुळणारे, चांगले टिकणारे मोजके कपडे ठेवायचे, अशी ती कल्पना. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनी अशा सात कपड्यांचा संचच बाजारात आणला.

नाव नवे असले, तरी आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातले घोंगडे पाहा. मेंढीच्या लोकरीचे, चिंचोक्यांची खळ देऊन विणलेले. पावसात त्याची खोळ होते, थंडीत पांघरूण, पाहुणा आला की बैठक आणि रानात अंथरूण. एका वस्त्राला चार कामे! घरातल्या बायकांनीही हेच केले. साडी विरली की तिची गोधडी झाली, धोतर विरले की बाळाची दुपटी. कापड घरातून सहजासहजी बाहेर जात नसे.

कर्मवीर भाऊराव पाटील मूळचे सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. खादीचे कपडे, खांद्यावर घोंगडी आणि अनवाणी पाय, ही त्यांची मूर्ती दोन्ही जिल्ह्यांत घरोघरी ठाऊक आहे. खेड्यापाड्यांतून मुले गोळा करणाऱ्या आणि त्यांच्या पंगतीला बसणाऱ्या माणसाला तो वेश शोभला, कारण तो त्यांच्या कामातून आलेला होता. उद्या बँकेतल्या कारकुनाने तो धारण केला, तर ते सोंग होईल. मुद्दा साधेपणाचा नाही. आपल्या जगण्याला जुळण्याचा आहे.

याहून चांगला धडा उसाच्या फडात मिळतो. गळीत हंगामात तोडीला येणाऱ्या बाया साडीवर पुरुषी शर्ट चढवतात. उसाचे पाते हात कापते, म्हणून लांब बाह्या. हा वेश कोणत्याही मासिकाने शिकवलेला नाही, कामाने शिकवला. पण तिथे एक गोष्ट विसरू नये. त्यांच्याकडे कपडे थोडे आहेत ते गरिबीमुळे. ज्याच्याकडे आहे, त्यानेच कमी करण्याची भाषा बोलावी. ज्याच्याकडे नाही, त्याला ती ऐकवू नये.

मग आपण करायचे काय? आधी कपाट उघडू नका, वही उघडा. आठवड्याचे सात दिवस लिहा. किती दिवस कचेरी किंवा शाळा, किती दिवस घर, किती वेळा शेतावर चक्कर, महिन्यात किती लग्ने-बारशी. कपड्यांची विभागणी याच प्रमाणात हवी. पुष्कळांच्या कपाटात नेमके उलटे असते. वर्षातून दहा दिवस लागणारे कपडे तीन कप्पे अडवतात आणि तीनशे दिवस लागणारे खुंटीवर लोंबतात.

मग हवा पाहा. साताऱ्याच्या पश्चिमेला, महाबळेश्वरकडे पावसाळाभर कपडे वाळत नाहीत. तिथे जाड सुती कपड्यांपेक्षा चटकन वाळणारे मिश्र कापड उपयोगी, आणि रोजच्या वापराचा एक जोड जास्तीचा लागतो. जत-आटपाडीच्या उन्हात मात्र सुतीला पर्याय नाही. पुण्याच्या बहिणीचे कपाट आपल्याला चालेलच असे नाही.

तिसरी गोष्ट रंगांची. चार कुडते, तीन सलवारी आणि तीन ओढण्या एकमेकांना जुळणाऱ्या घेतल्या, तर छत्तीस वेगवेगळे जोड होतात. न जुळणारे दहा ड्रेस घेतले, तर दहाचे दहाच. साडी नेसणाऱ्यांनी एक काळा, एक मरून आणि एक सोनेरी ब्लाउज उत्तम शिंप्याकडून अंगाबरोबर शिवून घ्यावा; डझनभर साड्यांचा प्रश्न सुटतो. पुरुषांनी दोन गडद पँट आणि चार फिक्या शर्टांवर महिना निभावून पाहावा. शिवणीत थोडी माया ठेवायला सांगावी. अंग सुटले तरी कपडा सुटत नाही.

एवढे करूनही कपाट पुन्हा भरते, कारण ते केवळ आपल्या हौसेने भरलेले नसते. मावशीच्या फॉल न लावलेल्या साड्या तिने विकत घेतलेल्या नव्हत्या. त्या आहेराच्या होत्या. कोणी तिला दिलेल्या, तिने दुसऱ्या कोणाला द्यायच्या, आणि त्याने पुढे तिसऱ्याला. न नेसता घरोघर फिरणाऱ्या या साड्यांसाठी ऐन लग्नात माणसे उसनवारी करतात. 'ऋण काढून सण' म्हणतात तो हाच. म्हणून या विषयाचे खरे काम कपाटात नाही, लग्नाच्या याद्या करताना बैठकीत आहे. मानाची एकच साडी द्यावी, पण नेसणारीला विचारून द्यावी. बाकीच्या आहेराला हात जोडावेत. पहिल्या वर्षी नातेवाईक नाक मुरडतील. दुसऱ्या वर्षी तेच आपल्या घरी असे करतील. सुरुवात मात्र वरपक्षाने करावी. वधूपक्षाच्या तोंडून ती निघणे आपल्याकडे अजून अवघड आहे.

मावशीकडे आता चौदा साड्या आहेत. नातीच्या लग्नाच्या बैठकीत 'आहेर नको' हे तिनेच सांगितले. मुलीकडची असूनही, आणि पुराची गोष्ट सांगून. मुलाकडचे क्षणभर गप्प बसले, मग त्यांच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "आमच्याही कपाटात अशाच आहेत हो."

ती इरकली दोनदा धुतली, पण काठावरची चिखलाची रेघ गेली नाही. रेघ निऱ्यांत लपेल अशी मावशीने ती नेसली आणि लग्नाला उभी राहिली.